दत्ताच्या पायाशी बसलेला गेरू

तमाम भाविकांना, देवस्थान कमिटीच्या आजी-माजी सभासदांना आणि दर पौर्णिमेला नैवेद्याची ताटं घेऊन येणाऱ्या माता-भगिनींना अत्यंत जबाबदारीनं कळवण्यात येतं, की आपल्या दत्तमंदिराच्या आतल्या भिंतीवर महाराजांच्या पायाशी जी चार कुत्री दिसतात, ती चार नाहीत. ते एकच कुत्रं आहे. चारदा काढलेलं. त्याचं नाव गेरू. चार कुत्री म्हणजे चार वेद, असं कीर्तनात आपण सगळ्यांनी ऐकलं आहे आणि त्यात मी ढवळाढवळ करणार नाही. एवढंच नोंदवतो, की आपले चारही वेद माझ्या घरच्या शिळ्या भाकरीवर वाढले आणि त्यांतल्या एकानंही आंघोळीला कधी सुखासुखी होकार दिला नाही.

हे जाहीर निवेदन करणारा मी गावचा पेंटर. कुंडलच्या अलीकडं, उसाच्या मधोमध आमचं गाव आहे. दुकानांच्या पाट्या फ्लेक्सनं नेल्या, भिंतींवरच्या जाहिराती मोबाईलनं नेल्या. आता माझ्याकडं दोनच गिऱ्हाईकं उरली आहेत. एक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि दुसरे देव. ट्रॉलीवाल्याला काम कालच हवं असतं. देव कधी घाई करत नाही, पण त्याची कमिटी करते.

पुन्हा मार्गशीर्ष लागला आहे. थंडीत कारखान्याचा भोंगा जरा जास्तच जवळून ऐकू येतो. रस्त्यावर ट्रॉल्यांतून निसटलेली उसाची कांडी चाकाखाली चिरडतात आणि सकाळी सकाळी सगळा रस्ता गोड वासाचा होतो. ओढ्याकाठी ऊसतोड टोळ्यांच्या खोपी उभ्या राहिल्या आहेत. संध्याकाळी कुठंतरी पाचट पेटतं, आणि त्याची काळी कात्रणं तरंगत तरंगत गावावर येतात. वाळत घातलेल्या धोतरांवर, ताकाच्या भांड्यात, म्हाताऱ्यांच्या टोप्यांवर. तैलरंग ओला असला तर ती बरोबर त्याच्यावरच उतरतात. महाराजांच्या भगव्या छाटीवर, भिंत रंगवली त्या वर्षीची काही कात्रणं अजून चिकटलेली आहेत. मी ती खरवडली नाहीत. भाविक त्यांना रुद्राक्ष समजतात आणि नमस्कार करतात. मी मात्र दरवर्षी हा हंगाम आला, की त्या भिंतीकडं पाठ करून उभा राहायला शिकलो आहे.

गेरू मला एका ट्रॉलीखाली सापडला. मी ट्रॉलीच्या फळीवर सूर्योदय काढत होतो, आणि खाली हे पिल्लू लाल रंगाच्या डब्यात पाय घालून उभं होतं. आधीच तांबूस, त्यात पायही तांबडा. दुसरं नाव सुचायला वावच नव्हता. पुढं एक कान कुठल्याशा भांडणात फाटला, आणि पुढच्या डाव्या पायाचं एक बोट जन्मजातच पांढरं होतं. बाकी सगळा गेरू.

चित्रात कुत्र्याची जागा ठरलेली असते. खाली, कोपऱ्यात, पेंटरच्या सहीशेजारी. घोड्यावर बसलेल्या माणसाचं नाव सगळ्यांना माहीत असतं. कधी कधी घोड्याचंही माहीत असतं. शेजारून पळणाऱ्या कुत्र्याचं नाव कुणी विचारत नाही. मोठमोठ्या चित्रकारांनी राजाला खूश करायला त्याचं नाक सरळ केलं असेल, राणीची कंबर बारीक केली असेल. कुत्रं मात्र जसं होतं तसंच काढलं असणार, कारण कुत्र्याकडून तक्रार येत नाही. म्हणून एखाद्या जुन्या चित्रात खरं काय होतं हे बघायचं असेल, तर मी आधी कुत्र्याकडं बघतो.

गेरू माझ्या चित्रांत असाच कोपऱ्यातून शिरला. निवृत्त सुभेदारांच्या फाटकावर झेंड्याला सलामी देणारा जवान काढला, तेव्हा त्याच्या बुटांशी गेरूला बसवलं. सुभेदारांनी चष्मा लावून पाहणी केली. कुत्र्याला त्यांची हरकत नव्हती, पण ते जांभई देत होतं. लष्करी आवारात जांभई चालणार नाही म्हणाले. मी तोंड मिटवून दिलं. दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर तो किटल्यांशेजारी बसला, तेव्हा चेअरमननं मला बाजूला घेऊन विचारलं, की लोकांनी यातून नेमका काय अर्थ काढायचा. तिथून त्याला पुसावं लागलं, पण घाईत शेपूट राहून गेली. अजून आहे. किटलीच्या मागून एक तांबडी शेपूट निघते आणि गावाला तिची इतकी सवय झाली आहे, की कुणी काही विचारत नाही.

माझी बायको सुमन मात्र विचारायची. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिचं एकदाही चित्र काढलं नव्हतं. एकदा भाकरी थापता थापता तिनं शांतपणे चौकशी केली, की चित्रात यायचं असेल तर शेपूट लावून घ्यावी लागेल का. पण गेरूच्या गळ्यातला चामड्याचा पट्टा तिनंच आणला होता. त्याला पितळेचं घुंगरू तिनंच ओवलं होतं. मी रात्री उशिरा कामावरून आलो, तर ती माझी चाहूल घेत नसे. घुंगराची घेत असे.

त्या वर्षी दत्तमंदिराचा मंडप नवा झाला आणि आतली अख्खी भिंत मला मिळाली. कमिटीचे अध्यक्ष बापू. बागायतदार माणूस, मिशी भरघोस, बोलणं मोजकं. त्यांनी बजावलं, की जयंतीच्या आत काम झालं पाहिजे, आणि कुत्री चार रंगांची पाहिजेत, चार वेद एकसारखे कसे असतील. मला ते पटलं. मी गेरूला काळा केला, पांढरा केला, कबरा केला आणि चौथा त्याच्याच रंगाचा ठेवायचं ठरवलं. अंगकाठी सगळी त्याचीच. फाटका कान चौघांनाही दिला. देवाच्या दारात एवढी तरी खरी ओळख असू द्यावी, असं मनाशी म्हणालो. मोठा उदार झालो होतो मी त्या दिवसांत.

काम म्हणजे त्याचं काम. मी नुसता रंग लावणारा. बस म्हटलं की बसायचं, हलू नको म्हटलं की हलायचं नाही. फरसाणाच्या एका चिमटीवर तो इतका वेळ स्थिर राही, की माश्या त्याला खरोखर चित्र समजून निवांत बसत. थंडी कडाक्याची होती. सकाळी मंडपाच्या दारातून उन्हाचा एक पट्टा आत येई आणि फरशीवरून सरकत जाई. गेरूला तो हवा असे. मला तो नको असे, कारण उन्हात अंगावरच्या सावल्या सारख्या बदलतात. पेंटरला एकसारखा, थंड उजेड लागतो. तो उन्हात जाऊन बसला, की मी त्याला पुन्हा गार फरशीवर आणून ठेवी. तो उठे, येई, बसे. कुरकुर नाही. कडेनं ऊन जायचं आणि तो त्याच्याकडं पाहत बसायचा. हे मला त्या वेळी दिसत होतं का? दिसत होतं. मी ते छान म्हणून टिपूनही घेत होतो.

काळा कुत्रा झाला तेव्हा बापू बघायला आले. सगळं आवडलं, पण मानेपाशी त्यांचं बोट थांबलं. पट्ट्यानं गेरूच्या मानेवरचे केस दबून एक गोल वळ पडला होता, आणि मी इमानानं तोही काढला होता. बापू म्हणाले, देवाच्या कुत्र्याला कोण बांधून घालतंय, पेंटर? बोलणं बरोबर होतं. महाराजांची कुत्री मोकळीच असतात. मी त्याच दिवशी पट्टा काढला आणि भिंत रंगवायला बांधलेल्या पायाडाच्या बांबूला अडकवला.

मग रोज सकाळी मी त्याची मान तपासायला लागलो. पेरणीनंतर शेतकरी सरीत वाकून कोंब बघतो तशी. दबलेले केस हळूहळू उठत होते. सुमन रोज रात्री म्हणायची, पट्टा घाला आता. मी म्हणायचो, घातला की केस परत बसतील, चौथा कुत्रा तेवढा होऊ दे. त्याच्याच रंगाचा तो चौथा. त्याची मान मला मोकळी, झुपकेदार हवी होती. आणि खरं सांगतो, त्या मोकळ्या मानेवर हात फिरवताना मला फार आनंद व्हायचा. माणसाला स्वतःच्या कामाचा आनंद झाला, की त्याला दुसऱ्याचं भलं केल्यासारखं वाटतं.

जयंती जवळ आली. देवळाच्या भोंग्यावरून सूचना झाली, की बाहेरगावची माणसं येणार, तेव्हा गावातली मोकाट कुत्री उद्या सकाळी टेम्पोत घालून लांब सोडून येणार आहेत. ज्यांची पाळलेली असतील त्यांनी गळ्यात पट्टा घालावा. भोंगा माझ्या डोक्यावरच होता. सूचना पुन्हा पुन्हा झाली. मी पायाडावर उभा होतो, पट्टा माझ्या हाताशी बांबूला लटकत होता, आणि पायाडाखाली गेरू झोपला होता. मी विचार केला, की सकाळी तेवढी मानेची सावली उतरवून घेऊ, मग घालू. एक सकाळ तर राहिली होती.

त्या सकाळी आरतीसाठी मंडप झाडायचा होता. कुत्र्याला बाहेर घ्या, कमिटीवाले म्हणाले. मी गेरूला दारापर्यंत नेलं. पायरीवर कोवळं ऊन पसरलं होतं. मी म्हणालो, जा, ऊन खा. सगळ्या हंगामात मी त्याला आपणहून ऊन दिलं ते त्या दिवशी.

टेम्पोवरची माणसं बाहेरगावची होती, त्यांचा काही दोष नाही. नंतर त्यांना गाठलं तेव्हा त्यांना तो चांगला आठवत होता. बाकीच्या कुत्र्यांनी चावे घेतले, आरडाओरडा केला, म्हणाले, पण तांबडं गुणाचं होतं. बस म्हणालो तर बसलं. टेम्पोतही कोपऱ्यात बसून राहिलं, जागचं हललं नाही. जतच्या वाटेवर एका माळाला सगळी उतरवली, तरी ते आपलं आतच बसलं होतं. शेवटी ढकलून खाली घ्यावं लागलं.

सुमननं माझ्याशी भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. मी बांबूवरचा पट्टा घरी आणला, तेव्हा घुंगरू वाजलं. ती स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली, माझ्या हाताकडं बघितलं आणि परत आत गेली. बापूंनी स्वतःची जीप दिली. दोन्ही हातांनी मिशा चोळत ते आमच्या ओट्यावर बसून राहिले. जीप माळावरून रिकामी आली. जयंती तोंडावर होती आणि भिंतीवर चौथा कुत्रा नुसत्या रेषांचा उभा होता. मी पायाडावर चढलो. समोर कुणी नव्हतं. नमुन्याशिवाय, आठवणीतून, एका बैठकीत मी त्याला रंगवून काढला. मान, कान, पांढरं बोट. आणि तो चौघांत सर्वांत चांगला झाला. लोक आजही त्याच्याचपुढं भाकरीचा मोठा तुकडा ठेवतात. त्या जयंतीला रांगेत उभं राहून बायाबापड्यांनी चारही रंगवलेल्या कुत्र्यांना घास ठेवले. सुमन देवळात आली नाही.

मग मी शोधायला निघालो. माझ्या मोबाईलमध्ये फोटोंचा डोंगर होता, पण सगळे चित्रांचे. खऱ्या गेरूचा एकही नाही. एकात ट्रॉलीच्या बाजूला पाठीचा थोडा भाग आला होता, तेवढाच. तेव्हा मी हार्डबोर्डवर त्याचं चित्र काढलं, मोटारसायकलच्या हँडलला बांधलं आणि जत भाग धुंडाळायला लागलो. कोरडा मुलूख. शाळू ज्वारीची हिरवी पट्टी, पुन्हा माळ, पुन्हा मेंढरं, पाण्याच्या टँकरमागं घागरींची रांग. निम्मी माणसं कानडीत बोलणारी. मी चित्राकडं बोट करायचो आणि तीही चित्राकडं बघायची. लय झ्याक काढलंय म्हणायची. एवढं हुबेहूब कसं काय जमतं म्हणायची. कुत्रं कुणी पाहिलं नव्हतं, पण चित्र सगळ्यांना आवडलं. एका वस्तीवर मेंढरांच्या मालकानं मला धरूनच ठेवलं, की भिंतीवर माझा एडका काढून द्या. आणि मी थांबलो. गेरूला शोधायला गेलेला माणूस दोन दिवस एडक्याची शिंगं रंगवत बसला. सूर्य तिरपा येत होता, भिंत पांढरी स्वच्छ होती, शिंगांचे वेढे असे काही सुरेख होते, की हात राहवेना. घरी आल्यावर मी सुमनला खरं काय ते सांगून टाकलं. ती धान्य निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, शिंगं नीट जमली का.

चित्रकार आणि कुत्रा यांच्या मैत्रीवर लोक भारावून बोलतात. मीही बोललो आहे. लग्नाच्या पंगतीत, पारावर, हातवारे करून. दूध केंद्रातली शेपूट, सुभेदारांची जांभई. हशा हमखास मिळतो. पण सांगता सांगता मला दिसत असतं, की त्या मैत्रीत एकजण बघत होता आणि दुसरा बघून घेत होता. मी त्याला रोज पाहिलं, आणि प्रत्येक वेळी काहीतरी काढून घेण्यासाठी पाहिलं. त्यानं मला कशासाठी पाहिलं असेल, हा प्रश्न मला पडला नव्हता.

पुढचा मार्गशीर्ष आला. टोळ्या आल्या. एका ट्रॅक्टरवर नंबर घालायला मी ओढ्याकाठच्या खोपींकडं गेलो. ट्रॉलीच्या दांडीला लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीत मूल, आणि झोळीखाली तांबूस कुत्रं. मी डबा खाली ठेवला. त्यानं कान हलवला, फाटका. उठला, चालत आला, माझा हात हुंगला, टर्पेंटाईनच्या वासानं नेहमीसारखा शिंकला आणि मग त्याची शेपूट अशी हलायला लागली, की मागचं सगळं अंगच हलत होतं. मी त्या चिखलात बसलो. आणखी काय केलं ते सांगत नाही. मध्यमवयीन माणसानं सगळंच सांगू नये.

तेवढ्यात डोक्यावर मोळी घेऊन त्या मुलाची आई आली. जतकडची, रत्नव्वा नाव. तिनं केंच्या म्हणून हाक मारली. कानडीत तांबड्याला तेच म्हणतात. त्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दोघांच्या मधोमध उभा राहिला. तिच्या सासऱ्याच्या मेंढरांत हा गेल्या थंडीत आपणहून आला होता. उपाशी, पाय फुटलेले. मी म्हणालो, हा माझा आहे. ती म्हणाली, चांगलं कुत्रं दिसलं की सगळ्यांचंच असतंय. मग माझ्याकडं नीट बघून तिनं विचारलं, "तुमचा हाय तर गळ्यात काय का न्हवतं? आमाला वाटलं, कुनीतरी टाकलंय."

यावर माझ्याकडं एकच पुरावा होता. मी तिला म्हणालो, देवळात चल, दाखवतो.

पुढं काय ठरलं ते आत्ताच सांगून टाकतो, कारण मला शेवट दुसऱ्याच ठिकाणी करायचा आहे. गेरू तिच्याबरोबर गेला. देवळातून निघाल्यावर ती खोपीकडं वळली आणि तो तिच्यामागं निघाला. झोळीतलं मूल रडत होतं. थोडं पुढं जाऊन तो थांबला आणि माझी वाट बघायला लागला. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी पट्टा सुमननं स्वतः नेऊन दिला आणि बराच वेळ तिकडंच बसून आली. तेव्हापासून दर हंगामाला तो टोळीबरोबर येतो आणि फाल्गुनात ट्रॅक्टरवर बसून जातो. यंदाही आला आहे. तोंडाभोवती पांढरा झाला आहे. सकाळी आमच्या ओट्यावर ऊन येतं तेव्हा येऊन आडवा होतो, सुमन भाकरी कुस्करून देते, आणि संध्याकाळी तो झोळीखाली परत जातो. झोळीत आता धाकटी आहे. तो उन्हात पडलेला असताना मी पेन्सिल हातात घेत नाही. घ्यावीशी वाटत नाही, असं मात्र म्हणवत नाही.

तर त्या दिवशी देवळात. गेरू बाहेर पायरीवर थांबला होता. रत्नव्वानं मूल कडेवर घेतलं होतं, पायांना उसाचा चिखल होता, म्हणून ती दारातून आत यायला संकोचत होती. मी तिला भिंतीपुढं आणलं, आणि पायाड जिथं होतं त्याच जागी उभं राहून माझं भाषण सुरू केलं. हा काळा बघ, कान फाटलेला. हा पांढरा, छाती त्याचीच. हा कबरा, बसायची ढब बघ. हा चौथा तर अख्खा तोच, बोटासकट. मी हात नाचवत होतो, आवाज घुमत होता, साक्षीपुरावा एकदम पक्का होता. ती पहिल्यांदा माझ्या बोटाकडं बघत होती. मग तिनं बोट सोडून दिलं. काळ्याकडं बघितलं, पांढऱ्याकडं, कबऱ्याकडं, चौथ्याकडं. मग मागं वळून मी उभा होतो त्या जागेकडं. पुन्हा भिंतीकडं. देवळात आहोत हे विसरून ती एकदम मोठ्यानं बोलून गेली,

"आवं, देव एवढा मागं हुबा हाय, आन् चारी कुत्री तुमच्याकडंच बघत्यात की."